ऐकत नाहीत, की झेपत नाही?

मधुमेहाच्या ओपीडीत रुग्णापेक्षा सोबतचं माणूस जास्त बोलतं आणि त्याचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : ‘डॉक्टर, हे ऐकतच नाहीत.’ गोळ्या चुकवतात, चालायला जात नाहीत, ग्लुकोमीटर कपाटात पडून आहे, दिवसभर टीव्हीसमोर बसतात आणि काही बोलायला गेलं की अंगावर येतात. रुग्ण खाली बघत असतो. डॉक्टर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट उघडतात. साडेनऊ. एक गोळी वाढते, तीच रागावणी जरा सौम्य शब्दांत पुन्हा होते आणि केसपेपरवर नोंद पडते, ‘पथ्य पाळत नाहीत.’ पुढच्या खेपेला दहा.

या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या नोंदीसाठी आहे. पथ्य न पाळणाऱ्यांत आळशी असतात, बेफिकीर असतात, जिभेपुढे हात टेकलेलेही असतात. पण त्यांच्यातच असाही एक मोठा गट असतो, ज्याला नैराश्याचा आजार जडलेला आहे आणि तो कुणाच्या लक्षात आलेला नाही. या माणसाला सल्ला कळतो, पटतोही. तो पाळायचा तर सकाळी उठून पायांत चपला घालाव्या लागतात, आणि गाडी तिथेच अडते. त्याला चौथ्यांदा आहाराचा तक्ता देऊन उपयोग नसतो.

अशी माणसं किती? अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिक लस्टमन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तोवरचे ४२ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेह असलेल्यांत नैराश्याची शक्यता दुप्पट निघाली. त्याच हिशेबात आणखी दोन आकडे आहेत, आणि मला ते जास्त बोलके वाटतात. रुग्णांकडून नुसती प्रश्नावली भरून घेतली तर ३१ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं दिसत होती. जाणकाराने समोर बसवून सविस्तर मुलाखत घेतली तर पक्का आजार ११ टक्क्यांत सापडत होता. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचं आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं. परदेशी टक्केवारी आपल्याकडे जशीच्या तशी लावता येत नाही. तरी दहातला एक धरला, तर एक कोटी माणसं होतात. त्यांतली बरीचशी कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात वेळच्या वेळी येऊन हात पुढे करून रक्त देऊन जातात. त्यांचं मूत्रपिंड तपासलं जातं, डोळ्यांचा पडदा तपासला जातो, पायांना सुई टोचून संवेदना बघितली जाते. ‘मन कसं आहे’ हा प्रश्न मात्र त्या यादीत नसतो.

मग ३१ आणि ११ यांच्या मधले ते कोण? त्यांतले बरेच जण नैराश्याने नव्हे, तर मधुमेहानेच गांजलेले असतात. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रात विल्यम पोलॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली या अवस्थेसाठी २० प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार केली, तेव्हापासून ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ नावाने ती स्वतंत्रपणे ओळखली जाते. या पुस्तकात तिला मधुमेहाचा जाच म्हटलं आहे. जाच कसला, हे घरात मधुमेह असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. या आजाराला रविवार नसतो. प्रत्येक घासाचा हिशेब. लग्नाच्या पंगतीत वाढपी काही म्हणायच्या आत शेजारचाच मोठ्याने सांगतो, ‘काकांना जिलबी नको हं, शुगर आहे त्यांना.’ संकष्टीला उपास धरावा की गोळी घ्यावी, या पेचात आजी दोन्ही करते आणि दुपारी तिला घाम फुटून गरगरतं. कुणी कारल्याचा रस सांगतं, कुणी मेथ्या, कुणी गोळ्या ‘मुळासकट’ बंद करून देणाऱ्या वैदूचा नंबर. मीटरवरचा २१२ हा आकडा तर शाळेतल्या प्रगतिपुस्तकावरच्या लाल रेघेसारखा अंगावर येतो, म्हणून काही जण मोजणंच सोडून देतात. ज्यांची साखर रात्री एकदा फार खाली गेली आहे, ते पुढे मुद्दाम ती वर ठेवून झोपतात आणि डॉक्टरांना हे सांगत नाहीत.

या जाचावर नैराश्याची गोळी देऊन फारसं काही साधत नाही. तिथे उपचार बदलावा लागतो तो मधुमेहाचाच : इंजेक्शनांची वेळ सोयीची करणं, साखर एकदम खाली आणणारं औषध बदलणं, आकडा वर गेला तर तो का गेला हे शांतपणे समजावून सांगणं, आणि घरच्यांना पहारेकऱ्याच्या ड्युटीवरून मोकळं करणं. याच आजाराच्या चार माणसांबरोबर बसून मनसोक्त तक्रार करायला मिळाली, तरी बराच ताण उतरतो. जाच आणि नैराश्य एकाच माणसात एकत्र नांदू शकतात, हेही खरं. पण आधी दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत. पुस्तकातला सर्वांत मोठा भाग याच ओळखण्याला दिला आहे, कारण इथे चूक झाली की पुढचे सगळे उपचार भलत्याच दिशेने जातात.

ओळखणं अवघड का, तर दोन्ही आजार एकमेकांचे कपडे घालून येतात. थकवा नैराश्यातही असतो आणि वाढलेल्या साखरेतही. झोप नैराश्याने मोडते, तशी रात्री चारदा लघवीला उठण्यानेही मोडते. वजन उतरणं, भूक बदलणं, लक्ष न लागणं, सगळं दोन्हीकडे. छातीतली धडधड आणि हातांची थरथर घबराटीची असेल, नाहीतर साखर ६० वर आल्याचीही असेल. तेव्हा आधी मीटर लावावा, मानसशास्त्र मागाहून. त्यात आपल्याकडची माणसं, विशेषतः साठीच्या पुढची, मनाबद्दल बोलतच नाहीत. ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड आहे’, ‘गॅसेस वर चढतात’ अशी शरीराचीच भाषा चालते. म्हणून थकवा आणि झोप थोडी बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारायच्या : गेले दोन आठवडे बहुतेक दिवस उदास, निराश वाटतंय का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का? दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा कामाचा वाटतो. उदास आहात का, याला ‘छे, छे’ म्हणणारा माणूस नातवंडं आली तरी खोलीतून बाहेर येत नाही, सकाळचं वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहतं, भजनाला जाणं कधीच सुटलं आहे, हे सगळं दुसऱ्या प्रश्नाला सहज सांगून जातो. साखर वाढल्याने माणूस दमतो. नातवंडं नकोशी होत नाहीत.

आणखी दोन तपासण्या निदानाआधी व्हाव्यात. एक थायरॉइडची. दुसरी बी-१२ जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतले पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं होतं. हे अभ्यासक २००६ मध्ये लिहीत होते. थाळीतलं चित्र त्यानंतर फारसं पालटलेलं नाही. बी-१२ कमी असेल तर हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, मन खचतं, आणि हे सारं सरसकट मधुमेहाच्या खात्यावर टाकलं जातं.

आधी मधुमेह की आधी नैराश्य, हा वाद जुना आहे. सतराव्या शतकातला इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने मधुमेह दीर्घ दुःखातून उपजतो असं लिहून ठेवलं होतं. आज उत्तर दोन्ही बाजूंनी येतं. २००८ साली एकत्र केलेल्या दीर्घकालीन अभ्यासांत नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेला दिसला. मधुमेह असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका वाढलेला होता, पण बराच कमी, सुमारे १५ टक्क्यांनी. त्यामागे कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं आहेत, शरीरात धुमसणारा दाह आहे, बैठेपणा, वजन, विस्कटलेली झोप आहे. रुग्णाने या वादात पडायचं कारण नाही. ‘मीच टेन्शन घेऊन शुगर ओढवून घेतली’ असं स्वतःला लावून घेणारे मी पुष्कळ बघतो. त्या अपराधीपणाने आजवर कुणाचीच साखर उतरलेली नाही.

उपचार आहेत, स्वस्त आहेत आणि मधुमेह असला तरी चालतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन या गटातल्या गोळ्या पहिल्यांदा दिल्या जातात. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. याच काळात मळमळ, अस्वस्थपणा असे त्रास आधी येतात आणि फायदा मागून येतो, म्हणून दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणत गोळी सोडून देण्याचं प्रमाण मोठं आहे. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवायची असते. ‘सवय लागेल’ ही भीती घरोघरी आहे. ती झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत खरी ठरू शकते, आणि लोक दोन्ही गोळ्या एकाच डबीत धरतात. या औषधांचं व्यसन लागत नाही. मात्र ती एकाएकी न थांबवता डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असतात. कोणती गोळी निवडायची, हे मधुमेहात जरा जपून ठरवावं लागतं. लस्टमन यांच्याच १९९७ च्या प्रयोगात नॉरट्रिप्टिलिन या जुन्या औषधाने नैराश्य उतरलं आणि साखर चढली. अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन यांनी वजन वाढतं. उलट, पायांची आग होत असेल तर ड्युलोक्सेटिन वेदना आणि नैराश्य या दोन्हींवर चालतं. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधांनी साखर खालीही येऊ शकते. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर सुरुवातीचे काही आठवडे मीटर वरचेवर लावावा.

गोळीशिवायचा मार्गही भक्कम आहे. १९९८ साली लस्टमन यांनी मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ५१ जणांवर बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, प्रयोग केला. दहा आठवड्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांतले ८५ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नुसतं मधुमेहाचं शिक्षण मिळालेल्यांत २७ टक्के. आपल्याकडे इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एक उत्तर गोव्यातून मिळालं. तिथल्या ‘संगथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांकडून सहा ते आठ बैठकींचा साधा उपचार करवून घेतला. माणसाने सोडून दिलेल्या गोष्टी त्याच्याकडून एकेक करून पुन्हा सुरू करून घ्यायच्या, हा त्याचा गाभा : आधी अंघोळ वेळेवर, मग शेजाऱ्याकडे दहा मिनिटं, मग बाजारापर्यंत. मन होईल तेव्हा करीन असं म्हणायचं नाही. करत राहायचं, मन मागून येतं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के बरे झाले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. हे रुग्ण मधुमेहाचे म्हणून निवडलेले नव्हते. पण रोज अर्धा तास चाला, असं सांगून सांगून थकलेल्या मधुमेहतज्ज्ञाला यातलं बरंच उचलता येईल.

आता जरा गैरसोयीची गोष्ट. नैराश्य बरं केलं की साखर आपोआप खाली येईल, अशी आशा पुष्कळांना होती. सिएटलमध्ये वेन केटन यांच्या चमूने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पाथवेज’ प्रयोगात ती फोल ठरली. नर्सने पाठपुरावा केला, औषधं आणि समुपदेशन दिलं, माणसं नैराश्यातून बऱ्यापैकी बाहेर आली. तीन महिन्यांची साखर जिथल्या तिथे. काहींनी यावरून निष्कर्ष काढला, की मग मधुमेहाच्या डॉक्टरांनी यात लक्ष घालण्याचं कारणच नाही. मला हे पटत नाही. माणूस सकाळी उठून हसतोय, कामाला लागलाय, हे फळ कमी आहे का? नैराश्याचा उपचार साखरेचा आकडा उतरवण्याची युक्ती म्हणून करायचा नसतो; तो आजार स्वतःच पुरेसा मोठा आहे. केटन यांनी मात्र वेगळा धडा घेतला. त्या नर्सचं काम नैराश्यापुरतंच ठेवलेलं होतं. मग पुढच्या ‘टीमकेअर’ प्रयोगात तीच नर्स नैराश्य, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल अशा चारही गोष्टींमागे लागली : औषध घेतलंत का, किती आलं, का चुकलं, या आठवड्यात काय जमेल. आकडा हलला नाही तर ती तज्ज्ञांशी बोलून औषध बदलून घ्यायची. २१४ रुग्ण, एक वर्ष. २०१० मध्ये निष्कर्ष आले आणि चारही गोष्टी सुधारल्या होत्या.

हे अमेरिकेचं झालं, असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण तोच प्रयोग भारतात झाला आहे. चेन्नई, दिल्ली, बंगळूर आणि विशाखापट्टणम इथल्या चार केंद्रांत, नैराश्य आणि हाताबाहेर गेलेला मधुमेह असे दोन्ही असलेले ४०४ रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना एक समन्वयक नेमून दिला, जो डॉक्टर नव्हता. तो रुग्णाला भेटायचा, फोन करायचा, नोंदी संगणकात भरायचा, आणि ठरावीक काळाने मानसोपचारतज्ज्ञ व मधुमेहतज्ज्ञ त्याच्याबरोबर बसून त्या नोंदींवरून सल्ला द्यायचे. दोन वर्षांनी, नैराश्य निम्म्याने उतरलं आणि सोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांतलं निदान एक सुधारलं, असे समन्वयकाच्या गटात ७१.६ टक्के होते, दुसऱ्या गटात ५७.४ टक्के. २०२० साली ‘जामा’त हा ‘इंडिपेंडंट’ अभ्यास छापून आला. फरक १४ टक्क्यांचा. चमत्कार नव्हे. पण यासाठी नवं औषध शोधावं लागलं नाही, यंत्र आणावं लागलं नाही. औषधं तीच होती, डॉक्टरही तसेच. भर पडली ती पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या एका माणसाची.

हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तेच माणूस आहे. ते नर्स असेल, आहारतज्ज्ञ असेल, फॅमिली डॉक्टरांकडची कंपाउंडर ताई असेल. सरकारी व्यवस्थेत ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी जो असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म भरतात, त्याच्या सुधारित नमुन्यात कंबरेच्या मापाबरोबर मनाचे ते दोन प्रश्न छापलेले आहेत. प्रश्न आहेत, उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय, तिथे वाट पुसट होते. जिल्हा रुग्णालयात मधुमेहाची खोली आणि मनाची खोली एकाच इमारतीत असतात, पण केसपेपर दोन, वार दोन, रांगा दोन. ज्याला एका रांगेत उभं राहायचं बळ नाही, त्याला आपण दुसऱ्या रांगेत पाठवतो, आणि तीही अशा दारासमोरची, जिथे गावातलं कुणी बघेल याची त्याला धास्ती. मधुमेहाच्याच खोलीत हा उपचार सुरू व्हावा असं मी म्हणतो, ते यासाठी. शुगरच्या डॉक्टरकडे जाताना कुणी लपून जात नाही.

घरच्यांसाठी एक वेगळं प्रकरण आहे. घरात मधुमेह बाईला असला तर तिच्यामागे ‘ऐकत नाही’ म्हणत दवाखान्यात येणारंही कुणी नसतं, असं मी नेहमी बघतो. ती सगळ्यांचं करून शेवटी जेवते, इन्सुलिनची वेळ टळून गेलेली असते, आणि तिचं गप्प गप्प राहणं ‘स्वभावच तसा आहे’ म्हणून खपून जातं. ते प्रकरण तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी वाचावं. तिला बहुधा वेळ होणार नाही.

वाचताना क्रम पाळायचं बंधन नाही. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी दिली आहे. गेल्या दोन आठवड्यांचं आठवून प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायचे असतात. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली, तर तो कागद साखरेच्या रिपोर्टबरोबर पिशवीत टाकून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. ही बेरीज म्हणजे निदान नव्हे; ते काम त्यांचं. बोलायला संकोच वाटत असेल तर कागदच बोलेल. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा आहे. तो गाळू नका. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही. ज्याच्या डोक्यात आधीच आहे त्याला सांगायला वाट मिळते. त्या प्रश्नाला ‘एकदाही नाही’ याखेरीज दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर बेरीज करत बसू नका आणि पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. घरातल्या एका माणसाला सांगा, इन्सुलिन आणि गोळ्या त्याच्या ताब्यात द्या, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्र असेल, कुणी भेटत नसेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. पुस्तक नंतर वाचा.